पॉइंट गार्ड, मुकादम आणि पाच मिनिटं दहा सेकंद

मार्च महिना आला की आमच्या घरात पहाटे साडेचारला मोबाईल सुरू होतो. वाजवणारा माझा पुतण्या. वय १७, बारावी, उंची पाच फूट सात इंच, आणि वेड बास्केटबॉलचं. पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावात बास्केटबॉल म्हणजे काय, तर एका शाळेच्या मागे कुणा देणगीदाराने बसवून दिलेला एक खांब, त्यावर एक कडं, आणि कड्याला जाळी नाही. दुसरा खांब कधी आलाच नाही. त्यामुळे आमची पोरं अर्ध्याच मैदानावर खेळायला शिकली आहेत. बाकी वेळ तो कबड्डी खेळतो, त्यात तो जास्त चांगला आहे, पण जीव अडकलाय तो तिकडे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सामन्यांत.

परवा आई (म्हणजे त्याची आज्जी) शेजारी येऊन बसली आणि विचारलं, "ह्यो बुटका पोरगा सारखा बोटं दाखवून काय सांगतोय त्या उंचाड्यांना?"

पुतण्याने समजावलं. आज्जी, ह्याला पॉइंट गार्ड म्हणतात. बॉल ह्याच्याकडे असतो. कुणी कुठं उभं राहायचं, कुणी पळायचं, बॉल कुणाला द्यायचा, सगळं हा ठरवतो. स्वतः कमी टाकतो, दुसऱ्याला टाकायला लावतो.

आई म्हणाली, "म्हंजे मुकादमच की!"

मी हसलो खरा, पण आमच्या भागात ह्याहून चांगली उपमा सापडणार नाही. ऊसतोडीच्या टोळीत कुठली जोडी कुठल्या सरीत लागायची, गाडी कधी भरायची, कारखान्याच्या स्लीपबॉयशी कोण बोलायचं हे सगळं मुकादम बघतो. फरक एवढाच की पॉइंट गार्डने कुणाला उचल दिलेली नसते. असो.

मुद्दा असा की ह्या पोराने मला विचारलं, "नाना, असा पोरगा पुढं काय होतो?" आणि मला लगेच उत्तर देता येईना. मग मी जरा वाचलं, शोधलं, आणि जे सापडलं त्यावरून माझी काही मतं झाली. ती इथे मांडतो. मी शाळामास्तर आहे, खेळाचा शिक्षक नाही, पण आमच्यासारख्या शाळांत भूगोलाच्या मास्तरालाही संघ घेऊन तालुक्याला जावं लागतं. गेली पंचवीस वर्षं मी ते करतोय.

तर अमेरिकेतला रस्ता असा. तिथं शाळेच्या शेवटच्या चार वर्षांत साधारण पाच लाखांच्या वर मुलगे शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळतात. त्यातले अठरा हजारांच्या आसपास कॉलेजच्या संघात पोचतात. सगळ्यात वरच्या गटात साडेतीनशेच्या वर कॉलेजं आहेत. २०२५ पर्यंत ह्या गटातल्या एका संघाला १३ मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती देता यायची, म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं. आता ती मर्यादा जाऊन संघात १५ मुलं असा नियम आलाय. आणि शेवटी एनबीए नावाची मोठी लीग दरवर्षी साठेक पोरं निवडते, त्यातही युरोपातून, आफ्रिकेतून आलेले असतात. कॉलेज खेळून बाहेर पडणाऱ्या शंभरांतला जेमतेम एक तिथवर जातो.

शंभरात एक! आपली एमपीएससी बरी म्हणायची वेळ. (नाही, तीही बरी नाही.)

मग उरलेल्या ९९ पॉइंट गार्डांचं काय होतं? काही युरोपात, तुर्कस्तानात, ऑस्ट्रेलियात जाऊन पैसे घेऊन खेळतात. पॉइंट गार्ड मुळात सगळ्यांना जागा दाखवणारा असल्यामुळे त्यातले बरेच पुढे प्रशिक्षक होतात. आणि बाकीचे इतरांसारखी नोकरी धरतात. विमा कंपनी, शाळा, बँक. पण ते धरतात तेव्हा बाविसाव्या वर्षी त्यांच्या हातात पदवी असते, आणि त्या पदवीचे पैसे बापाने भरलेले नसतात. मला खरी अडकवणारी गोष्ट ही वाटली. स्टीफन करी काय, तो लाखात एक.

पण करीचीही गोष्ट सांगतोच, कारण ती मला पुढे लागणार आहे. शाळेत असताना हा किरकोळ बांध्याचा पोरगा मोठ्या कॉलेजांना नको होता. बाप एनबीएत खेळलेला असूनही नको होता. तो गेला डेव्हिडसन नावाच्या लहानशा कॉलेजात. २००८ सालच्या मार्चमध्ये त्या कॉलेजने गोन्झागा, जॉर्जटाउन, विस्कॉन्सिन असे एकामागून एक मोठे संघ पाडले आणि शेवटी कॅन्ससकडून फक्त दोन गुणांनी हरले. २००९ मध्ये पदवी अर्धवट टाकून करी लीगमध्ये गेला. सातव्या क्रमांकावर निवड झाली, पुढचं जगाला माहीत आहे. मला मात्र आवडलं ते वेगळंच. आईला शब्द दिला होता म्हणून ह्या माणसाने, कोट्यवधी डॉलर कमावून झाल्यावर, राहिलेला अभ्यास पूर्ण केला आणि २०२२ मध्ये पदवी घेतली. गरज होती का? काडीची नव्हती. पण तिथल्या समजुतीत खेळाडू हा आधी त्या कॉलेजचा विद्यार्थी आहे, आणि ते अर्धं राहिलं तर काहीतरी राहिल्यासारखं त्याच्या आईला तरी वाटतं.

जेलन ब्रन्सन नावाचा दुसरा एक. व्हिलानोव्हा कॉलेजला २०१६ आणि २०१८ अशी दोनदा देशाची अजिंक्यपदं मिळवून दिली, पदवी तीन वर्षांतच उरकली, आणि तरी निवडीत ३३ वा. आज न्यूयॉर्कच्या संघाची सूत्रं त्याच्याकडे आहेत. फ्रेड व्हॅनव्लीट तर २०१६ मध्ये निवडलाच गेला नाही, आणि २०१९ मध्ये टोरंटोच्या संघातून अजिंक्यपद घेऊन मोकळा. पुतण्याला ह्या गोष्टी तोंडपाठ आहेत. त्याला हे तिघेही आपल्याच उंचीचे वाटतात. (नाहीत. सगळे सहा फुटांच्या आसपास किंवा वर आहेत. पण मी कशाला बोलू?)

आता लगेच कुणी म्हणेल, मास्तर, तुम्हाला अमेरिकेचं फार कौतुक. तसं नाही. तिकडचा रस्ता काही सोवळ्यातला नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ म्हणजे मायकेल जॉर्डनचं कॉलेज. तिथे १८ वर्षं नावापुरते तास चालले होते. शिक्षक नाही, वर्ग नाही, एक निबंध द्यायचा आणि मार्क घ्यायचे. २०१४ सालच्या चौकशी अहवालात असे ३,१०० विद्यार्थी निघाले, आणि त्यात जवळपास निम्मे खेळाडू होते. म्हणजे कागदी हजेरी फक्त आपल्याकडेच लावतात असं काही नाही. शिवाय अनेक दशकं ही कॉलेजं टीव्हीच्या हक्कांतून अब्जावधी डॉलर मिळवत होती आणि खेळणाऱ्या पोराला शिष्यवृत्तीपलीकडे एक पैसा घ्यायला बंदी होती. कुणी जेवण दिलं तरी चौकशी. १ जुलै २०२१ पासून पोरांना स्वतःच्या नावावर जाहिराती करायची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून तर कॉलेजं थेट पैसे वाटू लागली. आयोवाची केटलिन क्लार्क ही पॉइंट गार्ड २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडली गेली, तेव्हा महिलांच्या लीगमधला तिचा पहिल्या वर्षाचा पगार होता ७६,५३५ डॉलर. कॉलेजात असताना जाहिरातींतून तिने त्याच्या कितीतरी पट कमावले होते. आता पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात, जिथे जास्त पैसे तिथे. म्हणजे मुकादमाची उचल शेवटी तिकडेही पोचलीच म्हणायची!

तर आता इकडे या.

आमच्या पाथर्डीत पहाटे पाचला जाऊन बघा. रस्त्याच्या कडेने शंभर-दोनशे पोरं पळताना दिसतील. पोरीही. बाहेरगावचा पाहुणा म्हणेल, काय हो खेळाची आवड! त्यातल्या कुणालाही थांबवून विचारा, किती वेळात पळतोस? उत्तर सेकंदात मिळेल. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत काढले तर २० पैकी २० मार्क आहेत. १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मैदान ५० मार्कांचं. आमच्या तालुक्यातल्या दर तिसऱ्या घराला हा आकडा माहीत आहे. पाच-दहा. अकॅडम्या निघाल्यात, पत्र्याच्या शेडात राहायची सोय, वर लेखीची तयारी. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पावसाच्या भरवशावरची कपाशी आणि बाजरी असलेल्या घराला खाकी वर्दी म्हणजे काय असतं ते मी बघितलंय. एक पोरगा भरती झाला की दोन कोयते कमी होतात.

पण हे खेळणं नाही. हे खेळाच्या कपड्यांतली परीक्षा आहे. आणि पुरावा असा की पोरगा भरती झाला की दुसऱ्या दिवसापासून पळत नाही.

नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. हेतू चांगला. पण त्यामुळे आमच्याकडे पालक विचारतात, "सर, कुठल्या खेळाचं सर्टिफिकेट लवकर निघतं?" कुठला खेळ पोराला आवडतो, असं विचारणारा पालक मला पंचवीस वर्षांत दोनदा भेटला. काही वर्षांपूर्वी राज्यात ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं निघाली, त्यावर नोकऱ्याही लागल्या, मग चौकशा झाल्या. ज्यांनी ट्रॅम्पोलिन डोळ्यांनी पाहिलं नाही ते त्यात राज्यस्तरीय. हसावं की काय करावं!

अविनाश साबळेचं नाव काढल्याशिवाय आमच्या भागात ही चर्चा संपत नाही, आणि मलाही काढायचंच आहे. आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. आष्टी म्हणजे आमचा शेजारी, जिल्हा बदलतो पण रान तेच आणि दुष्काळ तोच. आईबाप वीटभट्टीवर राबणारे. पोरगा सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा. बारावीनंतर भरती होऊन लष्करात गेला, ५ महार रेजिमेंट. सियाचीन, मग राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. २०१५ मध्ये फौजेतल्या क्रॉसकंट्री शर्यतीत धावला, आणि २०१७ मध्ये अमरीश कुमार ह्या फौजेतल्याच प्रशिक्षकाने त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. तीन हजार मीटर, वाटेत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. तेव्हा त्याचं वय २२-२३.

पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये भुवनेश्वरला, त्याने गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ३७ वर्षं जुना. मग स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत गेला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात ८ मिनिटं ११.२० सेकंद, रौप्य, आणि सोनं हुकलं ते सेकंदाच्या वीसाव्या भागाने. १९९८ पासून ह्या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनिया घेऊन जायचा, त्या तिघांच्या मधे आमच्या रानातलं पोरगं घुसलं. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण, शिवाय पाच हजार मीटरला रौप्य. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंद. त्यानंतरच्या महिन्यात ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत, तिथे अकरावा. ह्या शर्यतीच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत जाणारा पहिला भारतीय पुरुष. २०२५ मध्ये गुमीला आशियाई सुवर्ण, आणि त्याच जुलैत मोनॅकोला पाण्याच्या उडीत पडून गुडघा गेला.

ही गोष्ट आमच्याकडे सगळे कशी सांगतात? "बघा, जिद्द असली की होतं." माझा थोरला भाऊ तर उलट बाजूने सांगतो, "लाखात एक साबळे. बाकीच्यांनी पाच-दहा बघावं." आणि दोघांचंही मला पटत नाही.

मी ती अशी वाचतो. जो माणूस पुढे केनियाच्या तिघांना भिडणार होता तो आमच्या शेजारच्या तालुक्यात रोज शाळेला पळत जात होता, आणि त्याच्यातला अडथळ्यांचा धावपटू बारावी होईपर्यंत कुणाला दिसला नाही. आम्हीच ते बघणारे. मास्तर लोक. तो सापडला तो भरतीमुळे, आणि भरती झाल्यावरही सियाचीनहून खाली आल्यावर. म्हणजे त्याच्याबाबतीत नोकरीने खेळ दिला. फौजेचे उपकारच आहेत. पण पंधरा ते बावीस ही सात वर्षं, ज्यांत अमेरिकेतल्या पॉइंट गार्डाची सगळी कहाणी घडून संपतेसुद्धा, ती आपल्याकडे मोकळी जातात. त्या सात वर्षांत पोराला कॉलेजात धरून ठेवायला खेळ हे कारण पुरत नाही. अकरावीला आलं की मैदान सुटतं. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत, अश्वमेध आहे, २०२० पासून खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धाही आहेत. खेलो इंडियात निवड झाली तर वर्षाला ६ लाख २८ हजारांपर्यंतचा खर्च सरकार उचलतं, त्यात महिन्याला दहा हजार हातखर्च. वाईट नाही. पण ते निवड झालेल्यांना. निवड होईपर्यंत पोराने काय खायचं?

पुतण्या म्हणतो, नाना, कबड्डीची लीग आहे ना. आहे. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून गावोगावी पोरांच्या डोळ्यांत काहीतरी आलंय, हे मी नाकारत नाही. आपल्याच नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर, सवय व्हायला वेळ लागतोय) अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार झाला आणि १ मार्च २०२४ ला त्यांनी हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं अजिंक्यपद घेतलं. त्या रात्री आमच्या गल्लीत फटाके वाजले. पण लीगमध्ये बारा संघ, आणि महाराष्ट्रात कबड्डी खेळणारी पोरं किती? शंभरात एक तरी निघेल का?

तर ९९ जणांचा प्रश्न दोन्हीकडे आहे. तिकडच्या ९९ जणांना खेळाने निदान चार वर्षं शिकवलं. इकडच्या ९९ जणांना आम्ही सांगतो, तुझा नंबर लागला नाही, जा आता.

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस थांबलो होतो. कारण पुढचं लिहावं की नाही कळेना.

२००८ सालचीच गोष्ट, करी तिकडे गाजत होता त्याच वर्षातली. मला तेव्हा करी माहीत नव्हता. तालुक्यातल्या एका गावात मी शिकवत होतो आणि आमच्या मुलींचा चौदा वर्षांखालचा खो-खोचा संघ होता. त्यात आठवीतली एक मुलगी. नाव लिहीत नाही. काळी, काटक, केसांना कायम लाल रिबन. आक्रमणात ती खांबाशी असायची आणि खांबाला हात घासून असा सूर मारायची की समोरचीला कळायच्या आत गडी बाद. पण तिचं खरं कौशल्य वेगळं होतं. ती पळता पळता ओरडून सांगायची, कुणाला खो द्यायचा, कुणी तयार राहायचं. आठ पोरी तिच्या आवाजावर उठायच्या. आज पुतण्यासोबत सामने बघताना मला सारखी तीच दिसते. कुणी सांगितलं नसताना ते पोरगं ते शिकलं होतं.

ऑगस्टात आम्ही तालुक्यात पहिले आलो, सप्टेंबरात जिल्ह्यात. विभागीय स्पर्धा होती दसऱ्यानंतर. आणि आमच्याकडे दसरा झाला की गाव रिकामं होऊ लागतं. ट्रकमध्ये संसार भरायचा, कोप्या टाकायचं सामान, शेळी, पोरंबाळं, आणि पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. खेळाचं वेळापत्रक करणाऱ्याच्या डोळ्यासमोर ही माणसं कधीच नव्हती. अजूनही नाहीत. शाळेचे मोठे सामने ऑक्टोबरपासून पुढे असतात, आणि आमची मैदानावरची पोरं ऑक्टोबरात फडात असतात.

मी तिच्या घरी गेलो. बाप दावं वळत बसला होता. मी त्याला काय काय सांगितलं ते आठवलं की आजही कानकोंडं होतं. मी म्हणालो, विभागात जिंकलो तर राज्याला जाईल. राज्याचं सर्टिफिकेट मिळेल. नोकरीत पाच टक्के जागा असतात.

त्याने विचारलं, "मंग नोकरी कधी लागंल, सर?"

मी खरं बोललो. म्हणालो, दहा-बारा वर्षांनी.

तो हसला. वाईट नाही हसला. म्हणाला, "उचल ह्या वर्षाची हाये. धाकटं दीड वर्षाचं हाये. आम्ही दोघं फडात गेल्यावर त्याला कोण बघंल?"

ती दारात उभी होती, काखेत तो धाकटा. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी परत आलो. विभागाला आम्ही तिच्याशिवाय गेलो आणि पहिल्याच सामन्यात हरलो. जिल्हा अजिंक्यपदाचं तिचं प्रमाणपत्र तेवढं माझ्या टेबलाच्या खणात राहिलं, कारण उन्हाळ्यात ती परत आली तेव्हा शाळेत आली नाही. मी द्यायला गेलो नाही. हे मुद्दाम लिहितोय.

आज मला वाटतं, मी त्या बापाला चुकीची गोष्ट विकत होतो. नोकरी विकत होतो. ती कोयत्यापुढे टिकणारच नव्हती. मला जर म्हणता आलं असतं की ही खेळते म्हणून हिचं आणि ह्या दीड वर्षाच्या भावाचं राहणं-जेवण सहा महिने इथं होईल, आणि खेळत राहील तोवर शिक्षणाला पैसा लागणार नाही, तर त्याने निदान दावं वळायचं थांबवलं असतं. डेव्हिडसन कॉलेज करीच्या बाबतीत तेच म्हणालं होतं, फक्त करीला गरज कमी होती.

आता ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहांची योजना आली आहे, ४१ तालुक्यांत ८२. मुलांचं एक, मुलींचं एक. भगवानगड आमच्याच तालुक्याच्या कडेला, त्यामुळे नावाला इथं वजन आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या प्रत्येक वसतिगृहाच्या मागे दोन खांब रोवा. खो-खोला लागतं काय? खांब आणि माती. एक शिट्टीवाला माणूस नेमा, ज्याला दुसरी कामं नाहीत, जनगणना नाही, निवडणूक नाही. आणि ज्या मुली खेळतील त्यांची पदवीपर्यंतची सोय करा, त्या राज्याला जावोत अगर न जावोत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, दोन्ही गटांत भारत जिंकला, पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं. तो सामना मी एकटाच बघत बसलो होतो. पुतण्याला खो-खोत रस नाही.

पुतण्याचं काय ठरलं ते सांगायचं राहिलंच. बारावीनंतर नगरच्या कॉलेजला जायचं, कबड्डी खेळायची, पहाटे पाच-दहाची तयारीही ठेवायची. भावाला अर्धं मान्य, मला अर्धं. पोराने ते अर्धं-अर्धं कुणाला द्यायचं हे बरोबर ओळखून आमच्या दोघांत बॉल फिरवला. पॉइंट गार्ड होईल बहुतेक.

आणि गेल्या जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी शाळेत एक बाई आली. पाचवीला पोरगी घालायची होती. मी दाखला बघत होतो आणि ती म्हणाली, "वळखलं का, सर?" रिबन नव्हती, पण आवाज तोच. मी खणाची किल्ली शोधायला लागलो. बदल्या झाल्या, टेबलं बदलली, पण तो कागद मी बरोबर फिरवलाय. तिने तो हातात घेतला, स्वतःचं नाव वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवला. काही बोलली नाही. पोरगी मात्र दारातून मैदानाकडे बघत होती, तिथं मोठ्या मुली खुंटाला शिवून वळत होत्या.

"सर, हिला घ्याल का खेळात?" तिने विचारलं. "तालुक्याचे सामने कधी असत्यात आता?"

मी म्हटलं, ऑगस्टात.

"मंग असतो आम्ही ऑगस्टात हितं."